औषध आपल्या ल्युटेशियमला साजेसे हवे

संपादक महोदय,

कर्करोगावरच्या किरणोत्सारी औषधांविषयी छापून येते तेव्हा सगळा भर अणुभट्टी आणि समस्थानिकावर असतो. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी धातू तयार होतो, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याचे उपचार होतात, याचा अभिमान रास्तच आहे. पण गाठीपर्यंत पोहोचते ते पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ल्युटेशियम त्याच्या पाठीवर बसून जाते. या पेप्टाइडच्या रचनेबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते, म्हणून हे पत्र.

न्यूरोएंडोक्राइन गाठींवर दिले जाणारे डोटाटेट घ्या. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे ते ज्यात बसते त्या खाचा, दाट असतात. पण १४ अमिनो आम्लांचे मूळ सोमॅटोस्टॅटिन रक्तातली विकरे (एन्झाइम) दोन-तीन मिनिटांत तोडून टाकतात. ग्राहीला चिकटण्यासाठी त्यातली चारच अमिनो आम्ले लागतात. ती मध्ये ठेवून साखळी आठांवर आणली, टोकाला उलट्या घडणीचे फेनिलअ‍ॅलॅनिन आणि आत उलट्या घडणीचे ट्रिप्टोफॅन घातले, दोन सिस्टिनच्या गंधक-बंधाने वळे पक्के केले, आणि रेणू तासभराहून अधिक टिकू लागला. पुढे तिसऱ्या जागी टायरोसिन आणि शेवटी साधे थ्रिओनिन आले, तशी ग्राहीवरची पकड आणखी वाढली.

या साखळीच्या टोकाला धातू धरणारा ‘डोटा’ नावाचा पिंजरा जोडतात. इथे एक चूक हमखास होते. मधल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या फांदीवरही डोटा जिथे जुळतो तो अमाइन गट असतो आणि ग्राहीत नेमकी तीच फांदी बसते. ती आधी झाकून ठेवली नाही, तर डोटा तिथेही चिकटतो. लेबलिंग, म्हणजे पिंजऱ्यात ल्युटेशियम बसणे, ९९ टक्के येते, कागदावर सगळे उत्तम दिसते, आणि औषध गाठीकडे ढुंकून पाहत नाही. शेवटच्या शुद्धीकरणात ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल मागे राहिले तर बफरचा, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा, पीएच घसरतो (आम्लता वाढते) आणि लेबलिंग अर्धवट राहते. त्याचे कारण शोधण्यात दिवस जातात.

आता मुख्य मुद्दा. ल्युटेशियम-१७७ दोन वाटांनी मिळते. यटर्बियम-१७६ पासून बनवून वेगळे काढले तर त्यात थंड, म्हणजे किरणोत्सारी नसलेले, ल्युटेशियम जवळपास नसते. मिलिग्रॅममागे सुमारे ११० क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचे माप). ट्रॉम्बेची वाट थेट आहे: समृद्ध ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉनचा मारा. ही वाट सोपी आणि स्वस्त, पण थंड ल्युटेशियम सोबत येतेच. हिशेबाला मिलिग्रॅममागे २० क्युरी धरू. एका मात्रेचे २०० मिलिक्युरी, म्हणजे ७.४ गिगाबेक्वेरेल, घ्यायचे तर १० मायक्रोग्रॅम धातू लागतो, म्हणजे ५७ नॅनोमोल (नॅनोमोल हे अणू-रेणूंची संख्या मोजण्याचे एकक). पहिल्या प्रकारात हेच काम १० नॅनोमोलमध्ये होते. पिंजऱ्याला थंड आणि गरम (किरणोत्सारी) अणू यांत फरक कळत नाही. धातूच्या निदान दुप्पट पेप्टाइड घ्यायचे ठरवले, तर पहिल्या प्रकाराला तीसेक मायक्रोग्रॅम पुरते, आपल्याला १६५ लागते. कुपी एक अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ), म्हणजे ६.६५ दिवस, पडून राहिली तर तेवढ्याच मात्रेसाठी जवळपास १०० नॅनोमोल धातू आणि तीनशेच्या आसपास मायक्रोग्रॅम पेप्टाइड.

डोटाटेटला हे चालते, कारण या गाठींवर ग्राही भरपूर असतात. जिथे ग्राही विरळ, तिथे धातू न धरलेली आणि थंड धातू धरलेली पेप्टाइडेच जागा अडवून बसतात. गॅस्ट्रिन या जठराच्या संप्रेरकावर बेतलेले मिनिगॅस्ट्रिनसारखे पेप्टाइड तर ग्राहीला चेतवते; त्याचे मायक्रोग्रॅम वाढले की मळमळ, चेहऱ्यावर लाली असे परिणामही वाढतात. म्हणजे परदेशात शुद्ध ल्युटेशियमवर बेतलेली रचना उचलून आपल्या ल्युटेशियमवर चढवली आणि ती फसली, तर दोष कुणाचा हे कळायला मार्ग उरत नाही.

लेबलिंगच्या टेबलावरही हीच मोजणी लागू पडते. १ मायक्रोग्रॅम लोखंड म्हणजे १८ नॅनोमोल. पोलादी सुई किंवा चमचा आम्लात बुडाला की एवढे सहज सुटते आणि डोटा ते आनंदाने धरतो. म्हणून प्लॅस्टिकची साधने आणि धातुमुक्त पाणी. पीएच साडेचारच्या आसपास, ९० ते ९५ अंश, अर्धा तास. आम्लता फार वाढली तर पिंजरा मिटलेला राहतो. फार कमी झाली तर ल्युटेशियम हायड्रॉक्साइड बनून यकृतात अडकते. मोकळे राहिलेले ल्युटेशियम हाडात जाते, म्हणून शेवटी डीटीपीए हे धातू धरणारे दुसरे रसायन थोडे घालतात, ते त्याला धरून लघवीवाटे बाहेर नेते. जेन्टिसिक किंवा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल सुरुवातीपासून हवे. नाहीतर स्वतःच्याच किरणांनी पेप्टाइड तुटत जाते. सकाळी ९८ टक्के असलेली शुद्धता संध्याकाळी ९० होते.

मूत्रपिंडाचा प्रश्नही रचनेतलाच. लहान पेप्टाइड गाळले जाते आणि मूत्रपिंडाच्या नलिका ते परत ओढून घेतात. डोटाटेट देताना लायसिन आणि आर्जिनिन प्रत्येकी २५ ग्रॅम चार तास शिरेतून देतात, ते ही ओढ अडवण्यासाठी. मिनिगॅस्ट्रिनच्या साखळीतली सहा ग्लुटामिक आम्ले मूत्रपिंडात भयंकर साठतात. त्यातली पाच काढली की साठणे घटते, पण रेणू रक्तात लवकर तुटतो.

आणखी एक. तपासणीसाठी गॅलियम-६८ आणि उपचारासाठी ल्युटेशियम, पेप्टाइड तेच, म्हणून औषध तेच, असे सरसकट लिहिले जाते. धातू बदलला की पिंजऱ्याचा आकार बदलतो आणि ग्राहीवरची पकडही. गॅलियम धरलेले डोटाटेट यट्रियम (उपचारात वापरला जाणारा दुसरा धातू) धरलेल्यापेक्षा कित्येक पटींनी घट्ट बसते. स्कॅनमध्ये गाठ उजळली, यावरून उपचाराची मात्रा किती पोहोचेल हे थेट सांगता येत नाही.

आमची मागणी साधी आहे. पेप्टाइड जुळवणारे रसायनतज्ज्ञ आणि समस्थानिक हाताळणारे यांनी नव्या रेणूची चाचणी पहिल्या दिवसापासून ट्रॉम्बेच्याच ल्युटेशियमवर, आठवडाभर जुन्या कुपीसकट, करावी. आणि आपण बातमी छापाल तेव्हा मिलिक्युरीच्या शेजारी पेप्टाइडचे मायक्रोग्रॅमही विचारून छापावेत.

– किरणोत्सारी औषधनिर्मितीतील काही वाचक, नवी मुंबई