विषय: जुनी हार्ड डिस्क परत दिली नाही आणि 'नवीन' म्हणून वापरलेली एसएसडी बसवली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी मिरजेत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम करते. माझा थिंकपॅड टी430 लॅपटॉप तुमच्या सांगलीच्या ब्रँचला अपग्रेड करायला दिला होता: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क), नवी बॅटरी आणि जास्त रॅम. तो परत आल्यापासून मी फोन करतेय, ईमेल करतेय, दरवेळी नवीन तिकीट नंबर मिळतो आणि आधीचं तिकीट 'सोडवलं' असा मेसेज येऊन आपोआप बंद होतं, सोडवलं काय ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आता सगळं एकत्र लिहून पाठवतेय. कृपया हे पत्र कॉल सेंटरला परत न पाठवता ज्यांना निर्णय घेता येतो त्यांना द्या.

आधी मुख्य गोष्ट. माझी जुनी 500 जीबीची हार्ड डिस्क मला परत पाहिजे. बाकी सगळ्यावर बोलता येईल, यावर नाही.

लॅपटॉप देताना मी काउंटरवर स्पष्ट सांगितलं होतं की जुनी हार्ड डिस्क आणि जुनी बॅटरी दोन्ही परत हवेत, आणि तुमच्या माणसाने ते माझ्यासमोर जॉब शीटवर लिहिलं, 'जुने पार्ट परत देणे' असं. त्या जॉब शीटचा फोटो आणि हार्ड डिस्कवरच्या लेबलचा सिरीयल नंबर दिसेल असा फोटो सोबत जोडलाय. लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा पिशवीत जुनी बॅटरी होती, हार्ड डिस्क नव्हती. विचारलं तर आधी म्हणाले वर्कशॉपला राहिली, उद्या येईल. मग म्हणाले जुने पार्ट कंपनी जमा करते. मग म्हणाले काळजी करू नका मॅडम, आम्ही फॉरमॅट करूनच पुढे पाठवतो. पुढे म्हणजे कुठे? भंगारात, रिफर्बिशवाल्याकडे, की दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपमध्ये? आणि एक्स्चेंज म्हणून घेतली असेल तर बिलात तिची किंमत वजा झालेली दिसायला पाहिजे ना, बिलात तसं काहीच नाहीये.

त्या डिस्कवर काय आहे ते सांगते, म्हणजे मी एवढी का मागे लागलीय ते कळेल. डीटीपीबरोबर मी लोकांचे फॉर्म भरून देते, त्यामुळे गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, बँक पासबुकचं पहिलं पान, मुलांच्या मार्कशीट, जातीचे दाखले असं सगळं स्कॅन करून त्यात होतं. बॅकअप माझ्याकडे आहे, माझं काम अडलेलं नाही, प्रश्न तो नाहीच आहे. ती डिस्क कुणाच्या हातात आहे हा प्रश्न आहे. तुमचे लोक 'फॉरमॅट केलं' म्हणून जे सांगतात त्यात साधा क्विक फॉरमॅट केला असेल तर फक्त फायलींची यादी पुसली जाते, फायली डिस्कवर तशाच पडून असतात आणि फुकट मिळणाऱ्या फोटोरेकसारख्या सॉफ्टवेअरनेसुद्धा त्यातल्या कितीतरी परत काढता येतात. पूर्ण डिस्कवर एकदा दुसरं काही लिहिल्याशिवाय, नाहीतर डिस्क फोडल्याशिवाय ती साफ झाली असं म्हणता येत नाही. तुमचा धंदाच हा आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला पाहिजे. लोक विश्वासाने माझ्या टेबलावर कागद ठेवतात आणि त्यांचे कागद आज कुठे आहेत ते मला सांगता येत नाहीये, याचा मला खरंच फार त्रास होतोय.

ती डिस्क मला वापरायचीही होती. टी430 मध्ये डीव्हीडी ड्राईव्हची जागा आहे, तिथला ड्राईव्ह काढून कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवली की दुसरी डिस्क लावता येते. कॅडी मी आधीच आणून ठेवलीय, ती तशीच पडून आहे.

दुसरी गोष्ट एसएसडीची. बिलावर 'नवीन' लिहून 500 जीबीच्या सॅटा एसएसडीचे पैसे घेतलेत, बाहेरून स्टिकरही कोरं आहे. घरी आल्यावर मी लिनक्स मिंट टाकलं (ऑपरेटिंग सिस्टीम मीच टाकणार हे आधीच सांगितलं होतं) आणि स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने डिस्कची माहिती काढली, तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क एकूण चालू राहिल्याचे तास, 11,214 दाखवतंय. चोवीस तासांनी भागून बघा, 467 दिवस अखंड चालवल्याइतकी वापरलेली डिस्क आहे ती. नंतर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फोने पाहिलं, तोच आकडा. दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडलेत. यावर तुमच्या टेक्निशियनचं उत्तर होतं की टेस्टिंगमध्ये तास चढतात. टेस्टिंगमध्ये दहावीस तास चढले असते तर मी एक शब्द बोलले नसते. वापरलेली आहे असं सांगून कमी पैशात दिली असती तरी मी कदाचित घेतली असती, जुन्या वस्तूचं मला वावडं नाही, पण नवीन म्हणून नव्याचे पैसे घेऊन ही दिली हे फसवणं आहे आणि त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

बॅटरी. बिलात 'ओरिजिनल, 6 सेल' लिहिलंय. या मॉडेलची सहा सेलची कंपनीची बॅटरी साधारण 57 वॉट-आवरची असते. तुम्ही दिलेली फुल चार्ज झाल्यावर 31 दाखवते, म्हणजे निम्म्याच्या थोडी वर. लिथियमच्या बॅटऱ्या नुसत्या पडून राहिल्या तरी उतरतात हे मला माहितेय, आणि हे मॉडेल 2012 चं आहे तर इतक्या जुन्या मॉडेलची ओरिजिनल बॅटरी ताजी मिळणं अवघड असणार हेही समजतं. मग तसं सांगा ना. 'मॅडम ओरिजिनल ताजी मिळत नाही, चांगल्या कंपनीची कंपॅटिबल टाकू का' असं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलल्याचे वेगळे पैसे लावलेत. मोठी पीडीएफ एक्सपोर्ट करायला लावली की प्रोसेसर नव्वद डिग्रीच्या वर जातो आणि पंखा आधीसारखाच ओरडतो, मग पेस्ट कुठे बदलली? खालच्या बाजूचे दोन स्क्रूही गायब आहेत.

रॅमबद्दल मात्र तक्रार नाही. 8 जीबीच्या दोन डीडीआर3 स्टिक बरोबर बसवल्यात, रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवून पाहिला, एकही एरर नाही. ज्याने ते काम केलं त्याने नीट केलंय.

आता तुमच्या कॉल सेंटरच्या बोलण्याविषयी लिहायलाच पाहिजे. प्रत्येक जण एकच सांगतो, की मॅडम एवढा जुना लॅपटॉप आहे, यात विंडोज 11 चालत नाही, हा स्क्रॅप झाला, आमच्याकडे एक्स्चेंज ऑफर आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरवर, टीपीएम 1.2 (सुरक्षेची जुनी चिप) वर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही, हे मला माहीत आहे, म्हणून तर अपग्रेडला दिला. माझं निम्मं काम अजून पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. कितीतरी संस्थांच्या स्मरणिका, अहवाल, जुन्या लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेली आहेत, तो मजकूर युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारा) नाही, फॉन्ट नसला की नुसती अक्षरांची रांगोळी दिसते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं ताई मागच्या वेळचा अहवाल काढा, फक्त आकडे आणि नावं बदला. तेव्हा जुनी फाईल उघडायलाच लागते. त्यासाठी माझी सोय अशी आहे की वर लिनक्स, इंटरनेट त्यावरच, आणि आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका सिस्टीमच्या आत दुसरी चालवणारं सॉफ्टवेअर) 32 बिट विंडोज 7, त्याला नेट नाही, त्यात पेजमेकर आणि यूएसबीला श्रीलिपीचा लॉक (तो लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही). दोन सिस्टीम एकावेळी चालवायला 16 जीबी रॅम आणि एसएसडी पुरेशी होते, प्रोसेसर त्याला व्यवस्थित पुरतो. शिवाय एक स्क्रू काढला की हार्ड डिस्क बाजूने सरकून बाहेर येते, बॅटरी खटका दाबून निघते, कीबोर्ड वेगळा बदलता येतो, दुरुस्तीचं पूर्ण मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं. अशी मशीन 2013 साली मी कर्ज काढून घेतली आणि तिच्यावर माझं घर चाललंय. ती स्क्रॅप आहे की नाही हे तुमच्या ऑफरवरून ठरत नाही. तुम्ही स्वतः जुन्या लॅपटॉपच्या अपग्रेडची जाहिरात करता, पैसे घेता, आणि काम बिघडलं की मशीन जुनी आहे म्हणता, हे बरोबर नाही.

मला काय पाहिजे ते सांगते. त्याच सिरीयल नंबरची माझी हार्ड डिस्क परत. ती तुमच्याकडून पुढे गेली असेल तर कुठे, कुणाला आणि कधी गेली ते कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह लेखी. एसएसडी बदलून सीलबंद नवीन, सिरीयल नंबर जीएसटी बिलात लिहून, कारण आत्ताच्या बिलात एकाही पार्टचा नंबर नाहीये. बॅटरी बदलून द्या किंवा तिचे पैसे परत करा. पंख्याचं काम माझ्यासमोर करा, तो अर्ध्या तासाचा विषय आहे, मी बसून राहीन.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवस थांबते. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवणार आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करणार. तुमच्या एका सुपरवायझरने फोनवर सांगितलं की लॅपटॉप धंद्याचा आहे म्हणून तुम्ही ग्राहक कायद्यात बसत नाही. ते चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये फक्त स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. माझ्याकडे नोकर नाही, मी एकटी काम करते. आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही, त्यामुळे पैशासाठी मी माघार घेईन असं कुणी धरून चालू नका.

हार्ड डिस्क कुरिअरने पाठवू नका. ब्रँचला आणून ठेवा आणि आल्याचं ईमेलवर कळवा, मी स्वतः येऊन सिरीयल नंबर जुळवून सही करून घेईन. एसएसडी बदलायला लॅपटॉप तेव्हाच घेऊन येते, पण काम काउंटरवर माझ्यासमोर व्हायला पाहिजे, वर्कशॉपला तो आता पाठवणार नाही.

आपली,
एक ग्राहक, मिरज

सोबत: जॉब शीटचा फोटो, बिलाची प्रत, हार्ड डिस्कच्या लेबलचा फोटो, एसएसडी आणि बॅटरीच्या रीडिंगचे स्क्रीनशॉट