नोव्हेंबरची कादंबरी, ऑक्टोबरची तयारी

पुणे, २६ सप्टेंबर २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नोव्हेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी एकेक कादंबरी लिहिणार, हे फोनवर अर्धवटच सांगून झालं. महिन्याभरात कादंबरी होते का, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. होतो तो पहिला खर्डा. ही प्रथा १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २१ जणांनी सुरू केली. नाव नॅनोरायमो (‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’चं लघुरूप), ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज १,६६७. पुढे तिची संस्था झाली आणि २०२५ मध्ये ती बंदही झाली, पण लोक नोव्हेंबरात लिहितातच.

मराठीत ५०,००० चा आकडा जसाच्या तसा उचलू नये असं माझं ठाम मत आहे. ‘घरातून’ला इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात, आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतो, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. आम्ही ४०,००० धरले आहेत. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दिवाळीचे पाच दिवस वगळले की उरतात २५, म्हणजे रोज १,६००. हे दिवस आधीच वजा केले नाहीत तर भाऊबीज उरकेपर्यंत साडेसहा हजारांहून जास्त शब्दांची थकबाकी होते, आणि ती बघूनच हात गळतात.

ऑक्टोबरात कादंबरीचं एकही वाक्य लिहायचं नाही, फक्त कार्डं भरायची. एका कार्डावर एक प्रसंग, साधारण हजार शब्दांचा: कोण आहे, कुठे आहे, आणि शेवटी काय बदललं. तिसरी ओळ सुचत नसेल तर तो प्रसंग नसतो, नुसतं वर्णन असतं. नोव्हेंबरात नेमकं तिथेच अडतं. चाळीसपैकी तीसच भरायची. उरलेली दहा कोरी, कारण पात्रं लिहिता लिहिता वळतात. शेवटचा प्रसंग मात्र ठरलेला हवा. नावांची यादीही आताच. सुमन, सुषमा, सुनंदा एकाच घरात आल्या की लिहिणारीचाच गोंधळ होतो.

टायपिंग युनिकोडमध्येच, जुन्या फॉन्टातला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांचा चिखल होतो. घड्याळ लावून २० मिनिटं लिहून वेग मोजायचा. ३०० शब्द होत असतील तर रोजचे पावणेदोन तास लागतील.

रविवारी चौघी एकत्र बसणार: २० मिनिटं लिहायचं, १० मिनिटं चहा, असे चार फेरे. एकमेकींना फक्त आकडा सांगायचा, मजकूर दाखवायचा नाही. कुणी पहिल्या आठवड्यात “सुरुवात संथ वाटते” म्हणालं की माणूस पहिलं पानच घासत बसतो. ऱ्हस्व-दीर्घही डिसेंबरात. आई, म्हणून तुलाही तेव्हाच वाचायला देईन.

आता तुमचं काम. माझी कादंबरी गिरणगावातली, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाच्या वर्षातली. लिहिताना मध्येच माहिती शोधायला उठलं की तो दिवस गेलाच, म्हणून सगळं आधी हवं. बाबा, साचाखात्यात, मागांच्या त्या गोंगाटात, कानात काय घालायचे? बदली कामगाराला काम मिळणार की नाही हे गेटवर कसं कळायचं? भोंगा कोणकोणत्या वेळी व्हायचा? आई, चाळीत नळाला पाणी किती वाजता यायचं आणि रांगेत भांडी कोण लावायचं? पगार थांबल्यावर स्वयंपाकातलं पहिल्यांदा काय कमी झालं, तेही लिही. आठवेल तसं, तुमच्याच शब्दांत. नीटनेटकं करू नका, बोलीतले शब्दच मला हवे आहेत.

२० ऑक्टोबरपर्यंत पाठवा. नोव्हेंबरात रात्री नऊ ते पावणेअकरा फोन बंद असेल, काळजी करू नका. सकाळी सातला मी करेन. दिवाळीला पाचही दिवस घरी आहे, लॅपटॉप न घेता.

तुमची लेक