या वेळी मी आईच्या बाजूला होते

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, शनिवारी रात्री मी 'अपराजितो' हा चित्रपट पुन्हा पाहिला. संपल्यावर तुला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. जे सांगायचं होतं ते फोनवर धड आलं नसतं. तू दोनदा 'हं' म्हणाला असतास, मी 'बरं, ठेवते' म्हणाले असते. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

तू गेल्यापासून संध्याकाळ लांबते. ती नुसती जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं. ज्या चित्रत्रयी मी वेगवेगळ्या वयांत, कधी मधला भाग आधी, कधी शेवटचा अर्धाच, अशा पाहिल्या होत्या, त्या आता ओळीनं पाहते आहे. लागोपाठ तीन रात्री, रोज एक चित्रपट. एक त्रयी संपली की मध्ये एखादी नवी मालिका. तीन महिने झाले, नेम मोडलेला नाही.

सत्यजित रायांची अपूची त्रयी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तुझ्याच वयाची होते. तेव्हा त्रयीतल्या दुसऱ्या, 'अपराजितो'मधल्या सर्वजयेचा, म्हणजे अपूच्या आईचा, मला राग आला होता. मुलाला शिष्यवृत्ती मिळते, तो हातात पृथ्वीचा गोल घेऊन घरी येतो, कलकत्त्याला शिकायला जायचं म्हणतो, आणि ही त्याला चक्क थप्पड मारते! मग थोड्या वेळानं स्वतःच साठवलेले पैसे काढून त्याच्या हातावर ठेवते. विशीत मला फक्त थप्पड दिसली होती. पैसे काढणारी बाई मला आठवतच नव्हती. ते दृश्य चित्रपटात आहे हे मी या वेळी जणू पहिल्यांदाच पाहिलं.

अपू तिच्याशी वाईट वागत नाही, हे लक्षात घे. तो नुसता तरुण आहे. एका रात्री ती त्याला विचारत असते, मी आजारी पडले तर तू माझं औषधपाणी करशील ना, आणि उत्तर येत नाही म्हणून पाहते तर तो झोपलेला. बस, एवढंच दृश्य. करुणा बॅनर्जी यांनी ते असं केलं आहे की तिच्या चेहऱ्यावर तक्रार शोधून सापडत नाही. आणि दुसरीकडे तो प्रसंग आहे जिथे अपू स्टेशनवर पोचतो, गाडी येते, आणि तो चढतच नाही. घरी परत येऊन आईला सांगतो की गाडी चुकली. आईला आणखी एक दिवस मिळतो. त्या जागी मी चित्रपट थांबवला आणि पाच मिनिटं तशीच बसून राहिले. मागच्या वर्षी तू 'तिकीट मिळालं नाही' म्हणून दोन दिवस जास्त राहिलास, ते मला आठवलं. तिकीट खरंच मिळालं नव्हतं का, हे मी विचारत नाही.

आता ओळीनं पाहिल्याशिवाय न दिसणारी गोष्ट सांगते. तीनही चित्रपटांत आगगाडी आहे. पहिल्या, 'पथेर पांचाली'त ती अपूला आणि त्याच्या बहिणीला, दुर्गेला, काश गवताच्या पांढऱ्या फुलांपलीकडून दिसते, धावत जाऊन पाहायचं नवल म्हणून. 'अपराजितो'त तीच गाडी मुलाला घेऊन जाते, आणि आजारी सर्वजया झाडाखाली बसून लांबून जाणाऱ्या गाडीकडे बघत राहते. 'अपूर संसार'मध्ये अपूची खोलीच रुळांना लागून आहे, शिट्टी वाजली की नवी नवरी कानांवर हात ठेवते. एकेक चित्रपट सुटा पाहिला की गाडी नुसती गाडी असते. तीन रात्री सलग पाहिल्यावर तिसऱ्या रात्री शिट्टी ऐकली आणि माझ्या पोटात गोळा आला.

ती काशाची फुलं माहीत आहेत ना? रायांनी चित्रीकरण तिथूनच सुरू केलं होतं. काही दिवसांनी उरलेलं दृश्य घ्यायला सगळे परत गेले तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकली होती. पुढच्या वर्षी पुन्हा फुलं येईपर्यंत थांबावं लागलं. पैसे संपत होते, बायकोचे दागिने गहाण पडले होते, शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले तेव्हा १९५५ साली चित्रपट लोकांपुढे आला. 'अपराजितो' १९५६चा, त्याला पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. 'अपूर संसार' १९५९चा. पहिला चित्रपट करताना त्रयी करायची असं रायांच्या मनात नव्हतं, म्हणून मला ती जास्त खरी वाटते. आयुष्यही कुणी तीन भागांत आखून जगत नाही.

अजून एक, मग अपूचं पुरे. १९९३ साली लंडनमधल्या एका फिल्म लॅबला आग लागली आणि या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. जे करपलेले, वेडेवाकडे झालेले तुकडे उरले ते कुणीतरी फेकले नाहीत, जपून ठेवले. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये तज्ज्ञांनी ते हातानं सरळ केले, साफ केले. जिथे मूळ फिल्म कामाची उरली नव्हती तिथे दुसऱ्या प्रतींवरून काम चालवलं. २०१५ साली तीनही चित्रपट नव्यानं दाखवले गेले. मी आत्ता पाहिली ती हीच आवृत्ती. दुर्गेच्या मृत्यूनंतर तिचा बाप हरिहर घरी येतो, तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो, आणि सर्वजयेचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. ते स्वर इतके स्वच्छ मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

(तुझ्या टीव्हीवर पाहशील तेव्हा दोन गोष्टी तपास. एक, चित्र ताणून पडदाभर करू नकोस. हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे आहेत, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले पाहिजेत, नाहीतर सगळी माणसं रुंद दिसतात. दुसरं, सेटिंगमध्ये 'मोशन स्मूदिंग' किंवा तशाच नावाचं काहीतरी असतं, ते बंद कर. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो आणि सगळं गुळगुळीत, स्टुडिओतल्या बातम्यांसारखं दिसायला लागतं. मी इतकी वर्षं तसंच पाहत होते, आता सहन होत नाही.)

त्याआधी 'बिफोर' या प्रेमकथेची त्रयी घेतली होती. रायांकडे अपूचं काम चार जणांनी केलं, वय वाढलं की नट बदलला. इथे उलटं. १९९५, २००४, २०१३, तेच दोघे, ईथन हॉक आणि ज्युली डेल्पी, खरोखर नऊ-नऊ वर्षांनी म्हातारे होत गेलेले. पहिला तुला आवडेल, सगळ्यांनाच आवडतो. माझं मन मात्र तिसऱ्याच्या पहिल्या दृश्यात अडकलं. विमानतळावर बाप मुलाला निरोप देतो. मुलगा बऱ्यापैकी मजेत, बापाला काय बोलावं सुचत नाही, म्हणून तो एकामागून एक किरकोळ सूचना देत सुटतो. मीही तुला स्टेशनवर चार्जरबद्दल तीनदा विचारलं होतं.

आणि 'टॉय स्टोरी'! तू त्या तिसऱ्या भागात शेवटी रडला होतास, खेळण्यांसाठी. मी तेव्हा तुझे डोळे पुसत होते, त्यामुळे ती खेळणी ज्याची, त्या अँडीची आई रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहते आणि तिचा श्वास अडकतो ते मी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. पुढे २०१९ला चौथा भाग निघाला हे मला ठाऊक आहे, पण आपल्या घरी ती त्रयीच राहील. दुसऱ्या भागाची एक खरी हकिकत तुला सांगायची राहिली होती. तो तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेनं संगणकांवरचा बराचसा चित्रपट पुसला गेला, आणि राखून ठेवलेली प्रतही नीट नव्हती. तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या गॅलिन सुसमन यांचं बाळ लहान होतं, म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक जपून गाडीतून स्टुडिओत नेला आणि काम पुढे चाललं. बाळामुळे सिनेमा वाचला. ही गोष्ट मला फार आवडते.

'गॉडफादर'चा तिसरा भाग लोक वगळतात, तू वगळू नकोस. दिग्दर्शक कोपोला यांनी २०२० साली तो पुन्हा कापून, सुरुवात आणि शेवट बदलून काढला, तो बघ. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मी लावलंच नाही. ते अकरा तासांहून जास्त लांबीचं रूप आपण दोघांनी सुट्टीत तीन दिवसांत संपवलं होतं आणि तू प्रत्येक लढाईच्या आधी मला उशी धरायला दिली होतीस. ते एकटीनं पाहण्याचं नाही.

आता नव्या मालिकांबद्दल. इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. तू म्हणतोस, पहिल्या भागात पकडलं नाही तर सोडून द्यायचं, कारण पुढे हजार वाट पाहत आहेत. मी उलट करून पाहिलं. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली आणि रोज एकच भाग, शेवटची नावं संपेपर्यंत. असं केलं की मालिका दिवसभर डोक्यात चालू राहते. भांडी घासताना मला सुचतं की अरे, तो माणूस तसं का म्हणाला.

मालिका शोधायची माझी रीतही सांगते. पडद्यावर ओळीनं मांडलेल्या चित्रांतून मी निवडत नाही. जे आवडलं त्या माणसाचा माग काढते. पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्कींची निळा, पांढरा, लाल या तीन रंगांची त्रयी पाहिली, १९९३-९४ची. तिन्हींत कुणीतरी वाकलेलं म्हातारं काचेची बाटली कचरापेटीत टाकायला धडपडतं. पहिल्यातली बाई डोळे मिटून बसलेली असते, तिला दिसतच नाही. दुसऱ्यातला माणूस नुसता बघतो. तिसऱ्यातली मुलगी जाऊन बाटली आत ढकलते. हे ज्याला सुचलं त्यानं आधी काय केलं म्हणून शोधलं, तर 'डेकालॉग' सापडली, १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोलंडच्या टीव्हीसाठी केलेली दहा भागांची मालिका. सगळी माणसं वॉर्सातल्या एकाच इमारतींच्या वसाहतीत राहणारी. वयानं ती तुझ्यापेक्षा मोठी आहे, पण माझ्यासाठी कोरी करकरीत.

तिच्या पहिल्या भागात एक बाप आहे, संगणकावर विश्वास असलेला. तळ्यावरचं बर्फ मुलाचं वजन पेलेल की नाही याचं तो गणित करतो. गणित बरोबर येतं. पुढचं मी सांगत नाही. त्या रात्री पावणेबाराला मी तुला फोन केला होता आणि तू घाबरून विचारलंस, काय झालं, तर मी म्हणाले, 'काही नाही, सहज.' ते हे होतं.

सध्या 'डार्क' चालू आहे, जर्मन. २०१७ ते २०२०, तीन सीझन, सव्वीस भाग. गावातलं एक पोर नाहीसं होतं तिथून सुरुवात. तेहेतीस वर्षांच्या फेऱ्यात एकच माणूस तीन वयांत, तीन नटांच्या रूपात समोर येतो, आणि कोण कुणाचं कोण हे विसरलं की गोष्ट हातातून सुटते. मी वहीत सगळ्यांची वंशावळ काढली आहे. चार पानं झाली, मधे दोनदा खोडाखोड. दुसरं म्हणजे मी ती जर्मनमध्येच पाहते, खाली सबटायटल्स ठेवून. डब केलेला आवाज थोडा वेळ ऐकला, पण ओठ वेगळे आणि रडणं वेगळं, जमेना. पहिले तीन-चार भाग वाचण्यात डोळे जातात, चेहरे निसटतात. मग कधीतरी वाचतोय हे आपण विसरतो. तुला सबटायटल्सचा कंटाळा आहे हे माहीत आहे, तरी सांगते.

तिसऱ्या सीझनचे शेवटचे दोन भाग मी पाहिलेले नाहीत. तू दिवाळीत येशील तेव्हा पाहू, तोवर पहिले चोवीस तू पुरे करायचे. वहीची पानं पाठवीन, पण तिसऱ्या पानापुढे अठरावा भाग होईपर्यंत जायचं नाही.

आणि त्याआधी येत्या रविवारी रात्री नऊ वाजता आपण दोघांनी 'अपराजितो' लावायचा. तू तिथे, मी इथे. दोन तासांच्या आतला आहे. मध्ये मेसेज नाहीत, फोन नाहीत. संपल्यावर मला एवढंच सांग की अपू स्टेशनवरून माघारी येतो तेव्हा तू कुणाकडे पाहत होतास, त्याच्याकडे की त्याच्या आईकडे. तू त्याच्याकडे पाहत असशील तर मला बरं वाटेल. तुझ्या वयाला मीही तिकडेच पाहत होते.

आधी चौकट आणि ते स्मूदिंग तेवढं बघून ठेव. नऊला दोन मिनिटं कमी असताना मी मिस कॉल देते.

तुझी,
आई