लोणंदला पालखी यायच्या आत

रामला, इस्रायल
शनिवार, २१ जून २०२५

ती. आईस,
सा. न.

इस्रायल-इराण युद्ध सुरू झाल्यापासून फोन लागतो, पण दोन वाक्यं होईपर्यंत तू रडायला लागतेस आणि मागून दादा ओरडतो. म्हणून वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठवतेय. दादाला म्हणावं, मोठ्यानं वाचून दाखव आणि मधे स्वतःचं काही घालू नकोस.

मी बरी आहे. मी सांभाळते त्या आजीही बऱ्या आहेत. काल रात्री झोप नाही झाली, एवढंच.

आधी दादाचा तो मेसेज. 'भारतीयांनी ताबडतोब शहर सोडावं' हे आमच्यासाठी नव्हतंच. तेहरानमधल्या आपल्या दूतावासानं १७ तारखेला तिथल्या लोकांना सांगितलं होतं, की स्वतःच्या सोयीनं निघता येत असेल तर शहराबाहेर सुरक्षित जागी जा. कुणीतरी त्यातलं 'तेहरान' उडवलं आणि तो गावभर फिरला. आमच्या तेल अवीवच्या दूतावासाचं म्हणणं वेगळं आहे: सावध राहा, गरज नसताना फिरू नका, निवाऱ्याच्या जवळपास राहा आणि पिकुद हाओरेफ सांगेल तसं करा. पिकुद हाओरेफ म्हणजे नागरिकांच्या बचावाचं बघणारं इथल्या सैन्यातलं खातं. त्यांच्या ॲपमध्ये हिब्रू, अरबी, रशियन, इंग्रजी आहे, आपली भाषा नाही. मग आम्ही काम करणाऱ्या बायका आपापल्या ग्रुपवर एकमेकींना सांगतो. लोणंदला एकाच वेळी तीन चॅनेल लावून बसण्यापेक्षा दूतावासाचं पान बघत जा. तिथे आलं नसेल तर ते खरं धरू नका.

आता आमचं कसं चालतं ते सांगते, म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे उगाच भलतंसलतं येणार नाही. इराणहून क्षेपणास्त्र सुटलं की आधी फोन किंचाळतो. आवाज बंद करून ठेवला तरी किंचाळतो. तेव्हा हातात दहा-एक मिनिटं असतात. मग भोंगा वाजतो, आणि भोंग्यानंतर फार तर दीड मिनिट. १९९१ च्या आखाती युद्धात इथे इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडली, त्यानंतर बांधलेल्या घरांत जाड काँक्रीटची एक खोली असते, तिला ममाद म्हणतात. आजींची इमारत त्याच्या आधीची. त्यामुळे आम्हाला आवारापलीकडच्या सार्वजनिक निवाऱ्यात जावं लागतं. बावीस पायऱ्या खाली. मी मोजल्यात, कारण प्रत्येक पायरीला आजी "थांब गो" म्हणतात.

फोन किंचाळला की मी आधी त्यांचे पाय चपलेत घालते, मग कवळीची डबी, मग गोळ्यांची पिशवी. कवळीशिवाय त्या हलत नाहीत. "मेले तर मेले, बोळक्या तोंडानं नाही," म्हणतात. वरच्या मजल्यावरचा रशियन मुलगा त्यांना खुर्चीसकट उचलतो. तो घरी नसला की आम्ही जिन्यातच बसतो. निवारा गाठता आला नाही तर आतला जिना, खिडकीपासून लांब, डोक्यावर दोन तरी मजले, असंच सांगितलेलं आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर, वर तीन मजले. प्लास्टिकच्या खुर्चीत आजी आणि खालच्या पायरीवर मी, त्यांचे गुडघे धरून. धडाम झालं की विचारतात, "अलिबागला पण ऐकू गेलं असेल काय गं?" साठ वर्षं झाली त्यांना तिथून येऊन. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी आहेत, हे तुला सांगितलंच होतं. माझ्याशी बोलतात ते मराठी तुझ्या आईच्या वेळचं.

परवा तू केरळच्या त्या बाईचा विषय काढलास. हो, २०२१ च्या मे महिन्यात अश्कलोनला ती गेली. माझ्यासारखीच एका आजींना सांभाळत होती, नवऱ्याशी व्हिडिओवर बोलत होती. रॉकेट आलं, वेळेत निवाऱ्यात पोचता आलं नाही. म्हणूनच 'निवाऱ्याच्या जवळ राहा' ही ओळ मी नुसती वाचून सोडत नाही. बाजाराला जाणं बंद केलंय. बसनं जात नाही. आणि भोंगा वाजला की तुझा फोन कट करते. त्याचा राग धरू नकोस.

दादाला अजून एक. पडलेल्या जागेचे व्हिडिओ मागू नकोस. असलं चित्रीकरण पसरवल्यावर इथे पोलीस धरतात, आणि मला परदेशात पोलीस ठाण्याची पायरी चढायची नाही.

आता तुझा खरा प्रश्न, परत कधी येतेस. १३ तारखेपासून इथला विमानतळ बंद आहे. १९ ला आपल्या सरकारनं सांगितलं, की ज्यांना निघायचंय त्यांना इथूनही नेणार. आधी रस्त्यानं सीमा ओलांडायची, मग पुढे विमान. ऑपरेशन सिंधू ते हेच. इराणातली ११० मुलं आर्मेनियामार्गे दिल्लीत उतरली, ती बातमी तू बघितलीच असशील. त्यासाठी दूतावासाकडे नाव द्यावं लागतं. मी दिलंय. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, थोडे डॉलर आणि तुझा तो माऊलींचा फोटो एका पाकिटात घालून दाराच्या खिळ्याला अडकवलाय.

पण नाव दिलं म्हणजे निघाले असं नाही, आई. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सोय आहे, कुणावर सक्ती नाही. मी निघाले तर आजींना जिन्यात कोण बसवणार? त्यांची मुलगी हैफाला, तिच्याकडेही भोंगेच. आणि खोटं कशाला बोलू, एजंटाचं सगळं फिटलेलं नाही. अशी मधूनच उठून गेले तर परत यायच्या व्हिसाचं काय होईल, त्याचीही धास्ती आहे. उद्या दूतावासानं 'निघाच' म्हटलं तर निघेन, आजींच्या मुलीला तसं सांगूनही ठेवलंय. तोवर इथेच.

चार-पाच दिवसांत माऊली लोणंदला येतील. भाकऱ्या यंदा एकटीनं थापू नकोस, वहिनीला घे. आजींना मी सांगितलं, की आमच्या गावावरून पालखी जाते. तेव्हापासून रोज विचारतात, घोडा कधी येतो म्हणून. दादाला म्हणावं व्हिडिओ काढायचाच असेल तर त्याचा काढ, आणि मला पाठव.

तुझी,
बेबी