दापोडीच्या मामांस, जाहीर आभारपत्र

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि खरंच ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथे तरी तुम्हाला मध्येच फोन ठेवता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये उभी नोकरी त्यांनी बसच्या वायरिंगवर काढली. मी बर्मिंगहॅमला असतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. दोन वर्षांपूर्वी मी १९६६ ची एमजीबी ही जुनी ब्रिटिश मोटार घेतली. दोन सीटची, उघड्या टपाची, लाल. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या, म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही. पण माझ्या गाडीत एक खासियत होती. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा, हॉर्न वाजवला की डॅशबोर्डचे दिवे मंद व्हायचे, आणि पावसात तिचं काय होईल ते तिलाच ठाऊक.

इथल्या जुन्या गाडीवाल्यांचा एक ठरलेला विनोद आहे. या गाड्यांचं विजेचं सामान लूकास कंपनीचं, आणि लूकास म्हणजे 'अंधाराचा राजपुत्र'. मी तो तुम्हाला ऐकवला, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "जावईबापू, लूकासचे डायनॅमो आम्ही आयुष्यभर उघडले. आधी डॅशबोर्डखाली फोन धरा, मग बोलू." मी फोन धरला. बराच वेळ तुम्ही गप्प. मग म्हणालात, "हे वायरिंग नाही. हे सुगरणीचं घरटं आहे, तेही पडलेलं."

त्या घरट्यात काय काय होतं! बंद पडलेल्या अलार्मचा डबा, दोन वेगवेगळ्या रेडिओंच्या तोडलेल्या वायरी, कधीकाळी लावलेल्या फॉग लॅम्पचा स्विच, घरातल्या टेबललॅम्पची असते तशी पांढरी दुहेरी वायर, आणि वायरीला चावा घेऊन बसणारे ते निळे प्लॅस्टिकचे चिमटे. पन्नासेक वर्षांत ज्याच्या ज्याच्या हातात गाडी गेली, त्याने काहीतरी जोडलं होतं. काढलं कुणीच नव्हतं.

मी तर वायरिंगचं वीस सर्किटचं नवंकोरं तयार किट मागवून ठेवलं होतं. तुम्ही ते उघडूही दिलं नाहीत. "गाडीत दिवे किती, मोटरी किती ते मोजा. वीस कशाला? सत्यनारायण आहे का घरी?" किट परत गेलं. पैसे वाचले त्याचे आभार वेगळे.

मग सुरू झाले आपले शनिवार. इथे सकाळचे नऊ, तुमच्याकडे दुपारचा दीड. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं मागे गेली की अडीच. तुमची वामकुक्षी त्या पायी पाच महिने बुडाली, आणि मामींनी एकदाही मला बोल लावला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

पहिल्या शनिवारी तुम्ही गाडीला हातच लावू दिला नाहीत. आधी लग्नाची अंगठी काढायला लावलीत. बॅटरी आणि बॉडी यांच्यामध्ये धातू आला की तो क्षणात लाल होतो, हे सांगताना तुम्ही मनगट कॅमेऱ्यासमोर धरलंत. घड्याळाच्या पट्ट्याचा चट्टा अजून दिसतो. मग सीटमागच्या दोन्ही बॅटऱ्या सोडवल्या. सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकापुढे एक जोडलेल्या. आणि गाडीला पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. मी मल्टिमीटर लावला की सगळं उणे दिसायचं आणि माझी भंबेरी उडायची. तुम्ही म्हणालात, ते खेळणं ठेवून द्या. पार्किंगचा पाच वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. बल्बला अधिक-उणे कळत नाही, त्याला फक्त आहे की नाही एवढंच कळतं. मामा, त्या बल्बने जेवढं काम केलं तेवढं माझ्या सगळ्या हत्यारांनी मिळून केलं नसेल.

दुसऱ्या शनिवारी पाढे. तपकिरी वायर म्हणजे बॅटरीवरून थेट, कायम जिवंत. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत. हिरवी म्हणजे चावीनंतर आणि फ्यूजमधून. जांभळी म्हणजे कायम जिवंत, पण फ्यूजमधून. लाल पार्किंगची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. "मूळ रंग म्हणजे आडनाव, आणि अंगावरची बारीक रेघ म्हणजे पाळण्यातलं नाव." निळ्यावर पांढरी रेघ अपर, निळ्यावर लाल रेघ डिपर. हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा. तुम्ही मला हे उलटसुलट विचारलंत आणि माझी मुलगी शेजारी बसून मला कॉपी पुरवत होती, हे आता कबूल करतो.

इंजिन पाहिल्यावर तुमचा चेहरा मात्र खुलला होता. "अरे, ही तर अँबॅसॅडरची चुलत बहीण!" बरोबरच होतं. जुन्या अँबॅसॅडरमधलं १४८९ सीसीचं इंजिन आणि हिच्यातलं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, एकाच घराण्यातली. पायाने दाबायचा डिपरही तसाच. त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या तोंडून 'अरे' निघालं आणि तुम्ही लगेच 'जावईबापू' म्हणून सावरून घेतलंत. माझ्या लक्षात आलं होतं.

तिसऱ्या शनिवारचा प्रसंग सांगतोच. जुने जोड काढून टाकल्यावर हिरव्या वायरींचा फ्यूज लावला की उडे. पुन्हा लावला, पुन्हा उडाला. ३५ अँपिअरचे तीन फ्यूज गेले. चौथा हातात घेतला आणि फोनमधून आवाज आला, "अरे गाढवा, फ्यूज म्हणजे काय लवंगी फटाका आहे का?" मामा, तुम्ही लगेच गप्प झालात. मामींनी मागून काहीतरी म्हटलेलं ऐकू आलं. मला मात्र त्या गाढवाने फार बरं वाटलं. जावयाला कुणी विजेचं काम शिकवत नाही, भाच्याला शिकवतात.

मग तुम्ही सांगितलंत की फ्यूजच्या जागी ब्रेक लाइटचा एकवीस वॅटचा बल्ब जोड. शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटेल, पण वायर जळणार नाही. आता वायरिंग हलव, एकेक फांदी, आणि बल्बाकडे बघत राहा. बायको बल्बापाशी, मी गाडीखाली. डॅशबोर्डखालचा भाग हलवला, लख्ख. गाडीच्या पोटाखालची फांदी हलवली, लख्ख. डिकीत डाव्या टेललॅम्पमागे हात घातला आणि ती ओरडली, "विझला!" हिरव्या घराण्यातलीच एक वायर. पत्र्याच्या कडेखाली चेपली होती. एवढ्याशा जागेसाठी मी सबंध गाडीला शिव्या घालत होतो.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर का मिणमिणतो, याचं उत्तरही त्याच डिकीत निघालं. लॅम्पच्या अर्थच्या स्क्रूखाली गंज आणि त्यावर कुणीतरी हौसेने मारलेला रंग. तुम्ही म्हणालात, पाटाचं पाणी बाहेर पडायची वाट बुजली की ते शेजारच्या वाफ्यात शिरतं. करंटला अर्थ मिळाला नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बातून वाट काढत होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, नवी काळी वायर टाकली, वर व्हॅसलीन. दहा मिनिटांचं काम.

वाद झाला तो डायनॅमोवरून. मला तो काढून नव्या पद्धतीचा, जास्त वीज देणारा अल्टरनेटर हवा होता, सगळेच बसवतात. तुम्ही लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडायला लावलात. हेडलाइट दहा अँपिअर, पार्किंग आणि डॅशबोर्ड मिळून दोन-अडीच, कॉइल आणि पेट्रोल पंप पाच, वायपर तीन. वीस-एकवीस. डायनॅमो देतो बावीस. "बसतंय की!" तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, आणि हीटरचा पंखा लावला तर? "तर स्वेटर घाल." मला अजूनही वाटतं की बर्मिंगहॅमच्या जानेवारीबद्दल तुम्हाला पुरेशी कल्पना नाही. पण डायनॅमो राहिला.

नवीन टाकलं ते अगदी मोजकं. मूळ नमुन्याची, मूळ रंगांची तयार केबल मिळते, ती आणली. मूळ गाडीत फ्यूज दोनच, आणि हेडलाइटला तर एकही नाही. म्हणून चार फ्यूज वाढवले आणि हेडलाइटला दोन रिले लावले. आधी सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून, पायाखालच्या डिपरमधून फिरून दिव्यापर्यंत यायचा. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि दिव्याशी जेमतेम साडेदहा. उजेड निम्म्यावर आलेला. "स्विचने फक्त हाक मारायची, ओझं रिलेने उचलायचं." डायोड नसलेलेच रिले घे, नाहीतर या उलट्या अर्थवर धूर निघेल, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी नक्की धूर काढला असता.

आणि काढलेलं? मुलीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. दीड किलो. त्यातली एकही वायर आज गाडीला हवी आहे असं झालेलं नाही.

परवा रात्री पाऊस होता. टप लावून, दिवे, वायपर, इंडिकेटर सगळं चालू ठेवून आम्ही तिघं गेलो. (सीट दोनच आहेत, मुलगी मागच्या बॅटऱ्यांवरच्या फळीवर बसली आणि मी कॉलनीच्या बाहेर गेलो नाही, तेव्हा रागावू नका.) गॅरेजच्या दारावर हेडलाइट पडला तेव्हा दाराचा रंग मला पहिल्यांदा नीट दिसला. वाईट रंग आहे. बायकोने तुम्हाला तो फोटो पाठवला आणि तुमचं उत्तर आलं, "डावा दिवा थोडा वर बघतोय."

मामा, तुमचे आभार मानतो. आता मानले, लिहून झाले, खोडता येत नाहीत.

डावा दिवा खाली केला. फक्त पेट्रोलचा काटा अजून खोटं बोलतो. अर्धी टाकी असली की पाऊण दाखवतो. डॅशबोर्डमागच्या, काट्याला ठरावीक व्होल्ट देणाऱ्या स्टॅबिलायझरचं अर्थ बघायचं राहिलंय, असं मला वाटतं. शनिवारी दीडला फोन करतो. जेवण लवकर उरका.

मामींना नमस्कार.

तुमचा,
गाढव