रिओहाच्या बागेतून दत्ताला

लोग्रोन्यो, स्पेन
5 ऑक्टोबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

"स्पेनची रेड वाइन म्हणजे नक्की काय रे? पोरगा वाइनची द्राक्षं लावू म्हणतोय," असं तू विचारलंस आणि मी घाईघाईत पाच-सहा नावं सांगून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर मनाला लागलं. तुझ्यासारख्या बागायतदाराला नावं कशाला हवीत? तुला बाग दाखवायला हवी. म्हणून हे पत्र.

तुझ्याकडे गोडी छाटणीची धांदल असेल, इथे तोडणी चालू आहे. परवा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बागेत गेलो होतो. मांडव नाही, तारा नाहीत. एकेक वेल झुडपासारखी सुटी उभी, उंची कमरेएवढी आणि खोड माझ्या मांडीएवढं. पाऊस कमी, म्हणून वेलींत अंतर भरपूर. पानांची सावली आपल्याच घडांवर पडते, त्यामुळे मणी उन्हानं करपत नाहीत. हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपते, त्यामुळे छाटणी वर्षातून एकदाच. जात टेम्प्रानियो. 'तेंप्रानो' म्हणजे लवकर. गार्नाचा या इथल्या दुसऱ्या जातीच्या आधी पिकते म्हणून हे नाव. एक मणी तोंडात टाकला. साल जाड, बिया कडक, गर थोडा. थॉमसनसारख्या खायच्या द्राक्षांवर वाढलेल्या जिभेला ते द्राक्षच वाटणार नाही. पण रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा येतो तो मुख्यतः सालीतून. म्हणून रस सालींसकट आंबवतात.

हा सगळा रिओहा प्रांत एब्रो नदीच्या खोऱ्यात आहे. उत्तरेला कांताब्रिया डोंगराची भिंत आहे, ती अटलांटिकचं गार, ओलं वारं अडवते. आपला सह्याद्री पाऊस अडवतो आणि त्याच्या पूर्वेला निफाड-दिंडोरीत बागा उभ्या राहतात, तसंच. पश्चिमेकडे गारवा आणि चुनखडीची माती, तिथली वाइन नाजूक. पूर्वेकडे ऊन जास्त, तिथे गार्नाचाही भरपूर.

आरो गावच्या रेल्वे स्टेशनाला लागून जुन्या वायनरी आहेत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा मुळातून खाल्ल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत इथे आले आणि माल रेल्वेनं नेऊ लागले. पुढे कीड इथेही आली. मग अमेरिकन खुंटावर कलम करूनच बागा वाचवाव्या लागल्या. आपण डॉगरिज खुंटावर कलम भरतो ते वेगळ्या कारणासाठी, पण काम तेच.

बोर्दोकडून ओक लाकडाच्या 225 लिटरच्या पिंपात वाइन मुरवायची रीतही रुजली. एका तळघरात उतरलो तर भिंतीवर काळी बुरशी, अंगावर शहारा येईल असा गारवा आणि अमेरिकन ओकचा व्हॅनिलासारखा वास. बाटलीवर लिहिलेलं असतं ते या मुरण्याबद्दल. रिओहात क्रियान्सा म्हणजे निदान दोन वर्षं, त्यातलं एक पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, त्यातलंही निदान एक पिंपात. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात. हे शब्द वेळ सांगतात, चव नाही. महाग म्हणून ग्रान रेसेर्वा उचलू नकोस. मटणाच्या जेवणाबरोबर मला ताजेपणा टिकलेली क्रियान्साच आवडते. आणि बाटली उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. नाशिकच्या उन्हाळ्यात तशीच ओतलीस तर दारूचा झणकाच पुढे येईल.

रिबेरा देल दुएरो या स्पेनच्याच दुसऱ्या वाइन प्रदेशात जात हीच, टेम्प्रानियो, पण बागा 700 ते 1000 मीटर उंचीवर. दिवसा रणरणतं ऊन, रात्री अंगावर पांघरूण. साखर उन्हानं भरते, आंबटपणा थंडी राखते. म्हणून ती वाइन जास्त गडद, जास्त दणकट. वेगा सिसिलिया ही नामांकित वायनरी तिथलीच, 1864 सालची.

मला मात्र वेड लावलं ते कातालोनियातल्या प्रिओरातनं. उभे चढ आणि काळ्या पाटीसारख्या दगडाची माती. तिला 'यिकोरेया' म्हणतात. चिमटीत धरली तर पापुद्रे सुटतात. पाणी वर टिकतच नाही, मुळं फटींतून खोल जातात. उत्पन्न एवढं थोडं, की तुझा जीव कासावीस होईल. पण त्या चार घडांतला रस इतका घट्ट! बाराव्या शतकात स्काला देई मठाच्या साधूंनी इथे वेली लावल्या. पुढे लोक गाव सोडून गेले, बागा ओस पडल्या. 1980 च्या दशकात रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस अशा वाइन बनवणाऱ्या मंडळींनी गार्नाचा आणि कारिन्येनाच्या जुन्या वेली पुन्हा हाती धरल्या. आज स्पेनमध्ये सर्वांत वरचा दर्जा दोनच प्रदेशांना आहे: रिओहा आणि हे प्रिओरात.

पोराला सांग, जात ठरवायची घाई नको. आधी ओढ्याकाठच्या वरच्या तुकड्यात खड्डा घ्या, मुरूम किती हातांवर लागतो ते बघा. जानेवारीत पहाटेचा पारा किती खाली जातो, तेही रोज लिहून ठेवायला सांग. दोन्ही आकडे मला कळव, मग बोलू.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सुधीर