जुळी असतील तर टरफल एक की दोन, एवढं विचारा

संपादक साहेब,

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुळ्यांवर पान भरून लेख आला होता. फोटो मस्त होते, एकसारखे फ्रॉक, एकसारख्या वेण्या, आईची धांदल, सगळं आलं, अगदी जोडकेळं खाल्लं की जुळी होतात हा आमच्या आजीचा सिद्धांत पण आला. पण पोटात जुळी आहेत म्हटल्यावर डॉक्टर ज्या गोष्टीवरून रिस्क ठरवतात ती एका ओळीतसुद्धा नाही, म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. भाचीच्या वेळी हे शिकावं लागलं, तेही उशिरा.

पोटातल्या बाळाभोवती दोन पापुद्रे असतात. आतला पाण्याचा, त्याला आपण पाणमोट म्हणतो, आणि त्याच्या बाहेरून दुसरा, त्याचं नाव कोरिऑन. बाळाची वार याच बाहेरच्या पापुद्र्यातून तयार होते, आणि घरी किटवर दोन रेघा उठतात ना, ते हार्मोनसुद्धा यातल्याच पेशी सोडतात, म्हणजे दिवस गेल्याची पहिली बातमी देणारा हाच, पण याचं नाव कुणाला माहीत नसतं.

चटणीसाठी भुईमुगाच्या शेंगा सोलताना बघा. एका टरफलात दोन दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला आपापली लाल साल असते. टरफल म्हणजे कोरिऑन, लाल साल म्हणजे पाणमोट. काही जुळी दोन वेगळ्या शेंगांत असतात, काही एकाच टरफलात. दोन अंड्यांची असतील तर टरफलं दोनच. एकाच अंड्याची असतील तर ते अंडं कधी फुटलं त्यावर ठरतं, पहिल्या तीनेक दिवसांत फुटलं तर टरफलं दोन, साधारण चौथ्या ते आठव्या दिवसात फुटलं तर टरफल एक आणि साली दोन, आणखी उशीर झाला तर सालसुद्धा एकच, मग नाळा एकमेकींत गुंततात. त्यामुळे वार वेगवेगळी पडली म्हणजे पोरं एकसारखी नाहीत हे जे बाळंतपणात छातीठोकपणे सांगतात ते खरं नाही, एकसारख्या जुळ्यांतली साधारण एक तृतीयांश दोन टरफलांतलीच असतात.

आता भाचीचं. तालुक्याच्या गावात बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये लिहिलं जुळी आहेत, दोघांचे ठोके चांगले, बस. आम्ही पेढे वाटले. नंतर एकोणिसाव्या आठवड्यात पोट आठ दिवसांत एवढं वाढलं की तिला धड श्वास घेता येईना, कातडी ढोलकीसारखी ताणलेली, आणि आम्ही सगळ्या बायका काय म्हणतोय तर अगं दोन आहेत, वाढणारच! शहरातल्या डॉक्टरांनी प्रोब ठेवला आणि पहिला प्रश्न, जुनी फाइल दाखवा, कोरिऑन एक लिहिलंय का दोन? फाइलमध्ये काहीच नव्हतं. टरफल एक होतं. वार एकच, त्यात दोघींच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या, एकीचं रक्त दुसरीकडे चाललेलं. जिचं जातंय तिच्याभोवतीचं पाणी आटलेलं आणि जिला जास्त मिळतंय तिच्याभोवती पाणीच पाणी, आणि तिच्या हृदयावर ताण. एका टरफलातल्या शंभर जुळ्यांत दहा ते पंधरा वेळा हे होतं म्हणे. म्हणून अशा केसमध्ये सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागते. आमची मध्ये एकही झाली नाही, कारण हे जुळं त्यातलं आहे हेच माहीत नव्हतं. दुर्बीण घालून लेसरने त्या वाहिन्या बंद केल्या. एक वाचली. दुसरी दोन दिवसांनी गेली.

वेळेवर कळलं असतं तर दोघी असत्या का, ते मी म्हणत नाही. पण टरफल एक की दोन हे ओळखायची चांगली वेळ अकरा ते चौदा आठवडे. दोन असतील तर मधला पडदा जाड दिसतो आणि वारेपाशी पाचरीसारखा रुंद होतो, त्याला लॅम्डा म्हणतात, एकच असेल तर पडदा पातळ आणि इंग्रजी टी सारखा सरळ टेकलेला. पुढे पडदा पातळ होत जातो आणि ती पाचर दिसेनाशी होते. परदेशात नंतर एक मुलगा एक मुलगी दिसली की टरफलं दोन हे आपोआप कळतं, आपल्याकडे लिंग सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी, पण त्यामुळे फाइल वाचून घरच्यांना तोही अंदाज येत नाही, मग पहिल्या रिपोर्टवरच सगळी भिस्त.

तर जुळी कळली की रिपोर्टमध्ये डीसीडीए लिहिलंय का एमसीडीए ते बघा. पहिलं अक्षर डी असेल तर टरफलं दोन, एम असेल तर एक. काहीच लिहिलं नसेल तर तिथेच थांबून लिहून घ्या, सोनोग्राफीवाले चिडले तर चिडू देत.

भाचीची पोर परवा पालथी पडली. साहेब, पुढच्या वेळी जुळ्यांवर लेख छापाल तेव्हा एवढं त्यात घाला, जागा कमी पडली तर फ्रॉकचा एक फोटो कमी करा.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा